दोष एकाचा, भोग दुसऱ्याला

गेल्या दिवाळींत आमच्या शिरवळच्या घरीं पांच नातवंडें एकत्र जमलीं होतीं. दोन पुण्याचीं, एक साताऱ्याचें व दोन घरचीं. फराळ झाला, किल्ला झाला, पांडवदऱ्याचीं लेणीं पाहून झालीं, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं माडीवर एकाएकीं शांतता पसरली. मुलें शांत झालीं म्हणजे कांहीं तरी शिजत आहे, असा अडतीस वर्षांच्या शाळामास्तरकीचा अनुभव असल्यामुळें मी जिना चढून वर गेलों. पाहतों तों पांचहि जणें सतरंजीवर वर्तुळ करून बसलेलीं. प्रत्येकापुढें एक कागद व पेन्सिल. मध्यें रंगीबेरंगी फांसे, कोणी चार पैलूंचा, कोणी आठ पैलूंचा, आणि एक तर चांगला वीस पैलूंचा! थोरला नातू पुठ्ठ्याच्या आडोशामागें बसून गंभीर स्वरानें कांहीं कथन करीत होता. मधूनच कोणी 'मास्टर' अशी हांक मारली. मीं संवयीनें 'ओ' दिली. त्यावर जो हंशा पिकला तो खालीं स्वयंपाकघरापर्यंत ऐकूं गेला. हा खेळ चालविणारालाहि 'मास्टर'च म्हणतात, हें मला मागाहून कळलें.

हा खेळ पुष्कळ वाचकांच्या घरीं अद्याप शिरला नसेल, म्हणून त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. येथें मुलें मिळून एक गोष्ट रचतात. एक जण सूत्रधार होतो. अरण्य, नगर, शत्रु, वादळ हीं सारीं त्याच्या स्वाधीन. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य. पात्रानें काय करावें हें खेळणारानें ठरवावयाचें, आणि तें साधलें कीं फसलें हें फांशानें सांगावयाचें. पात्राची शक्ति, चपलता, बुद्धि इत्यादि गुण अंकांनीं कागदावर मांडलेले असतात. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून ही परंपरा चालू आहे. ह्यांत एकानें जिंकावें व दुसऱ्यानें हरावें असा प्रकार नसतो. सर्वांनीं मिळून गोष्ट पुढें न्यावयाची असते. नाटकाची तालीम आणि सोंगट्यांचा डाव ह्यांचें लग्न लावलें, तर जें अपत्य होईल तें हें.

मी बसून राहिलों, कारण मला गोष्ट आवडली. आदल्या दिवशीं पाहिलेलीं लेणींच मुलांनीं गोष्टींत आणलीं होतीं. रात्रीची वेळ, लेण्यांत दडून बसलेले चार प्रवासी, आणि बाहेर शत्रूचा पहारा. सर्व कसें श्वास रोधून चाललें होतें. इतक्यांत योद्धा झालेला पुण्याचा नातू म्हणाला, "माझा योद्धा बाहेर डोकावून पहारेकऱ्याला विचारतो, काय हो, तुमचें गांव कोणतें?" झालें! पहारा जागा झाला, बाण सुटले, फांसे पडले, आणि त्यांतला एक बाण नेमका माझ्या नातीच्या वैद्यबाईला लागला. योद्ध्याच्या अंगावर ओरखडाहि उठला नाहीं. नातीनें पेन्सिल खालीं आपटली आणि ती म्हणाली, "दोष ह्याचा, अंक ह्याला, आणि बाण मात्र मला!"

'अंक ह्याला' ह्या शब्दांचा उलगडा केला पाहिजे. पात्र केवळ गुणांचा पुतळा होऊं नये, म्हणून ह्या खेळांत त्याला दोषहि देतात. १९८१ सालच्या 'चॅम्पियन्स' ह्या अमेरिकन खेळांत अशी योजना आहे कीं, पात्राच्या माथीं जितक्या अडचणी घ्याल तितके अंक तुम्हांला मिळतील, आणि ते खर्चून पात्राची शक्ति वाढवितां येईल. १९८६ सालीं निघालेल्या 'गर्प्स' ह्या खेळांत तर मोठ्या दोषांबरोबर किरकोळ लकबींनाहि एकेक अंक दिलेला आहे, आणि अशा लकबी पांचांपर्यंत घेतां येतात. आमच्या मुलांनीं हाच नियम उचलला होता. योद्ध्यानें पांच लकबी घेतल्या होत्या: जेथें जाईल तेथें खावयास मागणें, स्वतःच्या बळाची बढाई मारणें, अनोळख्याशीं गप्पा छाटणें, पागोटें कधीं न उतरणें, आणि मांजराला भिणें. त्याबद्दल पांच अंक घेऊन त्यानें आपली तलवार पाजळली होती. पांच दोषांनीं त्याची एकहि गोष्ट अडली नव्हती. अडलें होतें तें इतरांचें.

वाद माझ्यापुढें आला. योद्ध्याचें म्हणणें असें: "आजोबा, हे दोष रंगत यावी म्हणून असतात. त्यांनीं तोटा होऊं लागला तर कोण घेईल? मग सगळेच रामचंद्र होतील आणि गोष्ट रटाळ होईल." नातीचें म्हणणें असें: "ज्या दोषानें दोष असलेल्याचें कांहींच बिघडत नाहीं, त्याला दोष कशाला म्हणावें? तें तर बक्षीस झालें." दोन्हीं पक्षांत तथ्य होतें. परंतु मास्तराला तथ्यापेक्षां शिस्त लवकर सुचते. मीं निकाल दिला: "दोष प्रगट झाला कीं त्याचा एक अंक कापावा."

मुलांनीं आज्ञा मानली, आणि अर्ध्या घटकेंत निकालाचें फळ दिसूं लागलें. योद्धा मुका झाला. त्याला भूक लागेना, तो बढाई मारीना, कोणाशीं बोलेना. पांचहि लकबी कागदावर जशाच्या तशा होत्या, पण त्यांतली एकहि खेळांत डोकावेना. दोष गेला नव्हता. तो लपला होता. आणि त्याबरोबर गोष्टीचा जीवहि गेला होता. मला माझ्या वर्गाची आठवण झाली. उशिरा येणाऱ्या मुलाचे वर्तणुकीचे गुण मी कापीत असें, तेव्हां तो मुलगा वेळेवर येऊं लागे असें नाहीं. तो त्या दिवशीं येतच नसे. मुलांनीं थोड्याच वेळानें फांसे आवरले, आणि मी खालीं उतरलों.

खालीं येऊन बसल्यावर मला मोक्षपटाचें स्मरण झालें. लहानपणीं एका आप्तांच्या घरीं कापडावर काढलेला जुना मोक्षपट मीं पाहिला होता. आजच्या सापशिडीचा हा मूळपुरुष. महाराष्ट्रांत परंपरेनें त्याचें कर्तृत्व श्रीज्ञानेश्वरमहाराजांकडे दिलें जातें. उपलब्ध असलेले जुने पट मात्र बहुतेक अठराव्या शतकांतले व त्यानंतरचे आहेत. वैष्णवांच्या पटांत बहुधा ७२ घरें, जैनांच्या पटांत ८४. प्रत्येक घराला नांव. शिडीच्या पायथ्याशीं दया, भक्ति, सत्संग असा एखादा गुण. सापाच्या मुखाशीं काम, क्रोध, लोभ, मत्सर असा एखादा दोष. शिडीनें चढत वैकुंठास जावयाचें, सापानें गिळलें कीं खालीं यावयाचें. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेला. १८९२ सालीं तेथें एफ. एच. एअर्स ह्यांच्या नांवें त्याची नोंदहि झाली. तिकडे प्रथम आळस, चैन असे तिकडचे दोष सापांना जोडण्यांत आले. पुढें तींहि नांवें गळालीं. आज बाजारांत मिळणाऱ्या पटावर साप आहे, पण तो कोणत्या दोषाचा हें लिहिलेलें नाहीं.

मोक्षपटाचा न्याय कडक आहे. दोष लहान कीं मोठा, हें साप विचारीत नाहीं. फार तर त्याची शेपटी थोडी आंखूड असते. आणि एक गोष्ट त्यांत मोठी न्याय्य आहे: ज्याची सोंगटी सापाच्या तोंडीं पडली, तोच खालीं येतो. शेजारच्या खेळाडूची सोंगटी माझ्या मत्सरामुळें कधीं खालीं आली नाहीं. परंतु विचार करूं लागलों तेव्हां हेंच ह्या पटाचें उणेंहि वाटूं लागलें. पटावर प्रत्येक जण एकटा चढतो व एकटा पडतो. संसारांत एकटा कोण चढतो? दहा माणसांच्या घरांत एकाच्या सापाची शेपटी दुसऱ्याच्या पायाखालीं असते. मुलांच्या खेळाचें ह्या बाबतींत घराशीं अधिक साम्य होतें. तेथें सारे एकाच लेण्यांत दडून बसले होते.

रात्रीं जेवणें झाल्यावर मुलें ओसरीवर गोळा झालीं. दिवसाचें भांडण अर्धवट राहिलेंच होतें. नातीनें विचारलें, "आजोबा, पांडवदरा असें नांव आहे, तर पांडव खरोखर आले होते का तेथें?" मीं सांगितलें, तीं लेणीं बौद्ध भिक्षूंचीं, पण डोंगरांत कोरलेलें कांहीं दिसलें कीं आपले लोक तें पांडवांच्या नांवें लावतात. मात्र पांडवांचें नांव निघालेंच आहे, तर किरकोळ दोषांसंबंधीं व्यासांनीं व आपल्या कवींनीं काय म्हटलें आहे तें ऐका. सौभाग्यवतीहि पानाचें तबक घेऊन येऊन बसल्या.

प्रथम नलाची कथा सांगितली. नल राजा पुण्यशील, प्रजापालक. कलि त्याच्या नाशासाठीं टपलेला. बारा वर्षें कलीला शिरकाव मिळाला नाहीं. पुढें एके दिवशीं लघुशंकेनंतर राजानें आचमन केलें, पण पाय न धुतां तो संध्येस बसला. आणि तेवढ्या फटींतून कलि आंत शिरला. ह्याहून किरकोळ दोष तो कोणता? त्याच्यापायीं द्यूत, राज्यनाश आणि वनवास. परंतु मुलांनो, पाहा: अर्ध्या वस्त्रानिशीं अरण्यांत झोपेंत टाकली गेली ती कोण? दमयंती. पाय तिनें धुतले नव्हते असें व्यासांनीं कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

मग शाकुंतल. दुर्वासांचा कोप प्रसिद्ध आहे. तो त्यांचा दोष, पण त्या दोषाचीच त्यांना शक्ति झाली आहे. त्यांनीं रागवावें आणि इतरांनीं भोगावें. शकुंतलेचा अपराध एवढाच कीं, पतीच्या चिंतनांत ती आलेल्या अतिथीची हांक ऐकूं शकली नाहीं. आणि तो विदूषक माढव्य पाहा. तो खादाड आणि आळशी. त्याच्या खादाडपणानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं; नाटकाला रंगत येते, एवढेंच. पण त्याला दुसरीहि एक लहानशी खोड आहे. त्याच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं. ती खोड जाणून राजा दुसऱ्या अंकांत त्याला सांगतो कीं, शकुंतलेविषयीं मी बोललों तें सारें थट्टेनें. शापानें राजाला विस्मरण पडतें, तेव्हां आठवण देऊं शकेल असा राजवाड्यांत तो एकटाच. पण त्यानें ती थट्टाच समजून सोडून दिलेली. सहाव्या अंकांत तो तसें कबूलहि करतो. एका वाचाळ मित्राची किंमत कोणी भरली? ज्या बाईला त्यानें उभ्या जन्मांत पाहिलें नव्हतें, तिनें.

"म्हणजे माझा योद्धा माढव्यच!" नातू म्हणाला. "खाणें माफ, बोलणें नाहीं." मला त्याचें कौतुक वाटलें. अडतीस वर्षें मीं हें नाटक वाचलें आणि वाचून दाखविलें, पण इतक्या थोडक्यांत मला तें सांगतां आलें नसतें.

शेवटीं महाप्रस्थान. पांची पांडव व द्रौपदी हिमालयाच्या वाटेनें निघालीं आणि एकेक पडूं लागलीं. भीम प्रत्येक वेळीं विचारतो, हें कां पडलें? धर्मराज कारण सांगतात. द्रौपदी पडली, कारण तिच्या मनांत अर्जुनाविषयीं पक्षपात होता. सहदेवाला बुद्धीचा अभिमान, नकुलाला रूपाचा. एका दिवसांत शत्रु भस्म करीन, ही अर्जुनाची बढाई. आणि भीमानें स्वतःविषयीं विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं, तूं फार खात होतास आणि आपल्या बळाची बढाई मारीत होतास. येथें सर्वांनीं योद्ध्याकडे पाहिलें, आणि त्यानें पागोटें सांवरल्याचा अभिनय केला. मी म्हणालों, "पाहा, हे सारे दोष किरकोळच. पण अखेरीस ज्याचा त्याच्या नांवावर मांडला गेला. मोक्षपटासारखाच हा न्याय."

माझा उपसंहार झाला असें मला वाटलें. पण नातीचें समाधान झालें नव्हतें. ती म्हणाली, "आजोबा, पण फांसे तर धर्मराज खेळले होते. त्यांना नीट खेळतां येत नव्हतें, तरी आवड होती. तुम्हीच मागें सांगितलेंत. त्या आवडीपायीं द्रौपदीला सभेंत ओढून नेलें. मग द्रौपदी पहिली पडते आणि धर्मराज शेवटपर्यंत चालत जातात, हें कसें?"

मीं सांगितलें कीं, धर्मराजांनाहि नरकदर्शन चुकलें नाहीं. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीं जें कपटानें सांगितलें त्याचें तें फळ होतें. त्या वेळीं त्यांचा भूमीपासून चार बोटें वर चालणारा रथहि खालीं टेंकला होता. "म्हणजे खोटें बोलण्याचें," ती म्हणाली. "फांशांचें काय?" वाटेवरच्या त्या यादींत किंवा नरकदर्शनाचें कारण सांगतांना द्यूताचें नांव नाहीं, हें मला माहीत होतें. इतकीं वर्षें माहीत असून तें मला कधीं टोंचलें नव्हतें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

सौभाग्यवती विडा लावीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "घरोघरीं तसेंच असतें, बाळ. यादी सांगणारा आपलें नांव घालायला विसरतो."

मुलें हंसलीं. मीहि हंसलों. मग कोणीसें विचारलें, "आजी, तुझी आणि आजोबांची पत्रांची गोष्ट सांग ना!" ही गोष्ट आमच्या घरांत प्रसिद्ध आहे, कारण ती मीच लग्नकार्यांत व पंक्तींत अनेकदां सांगितली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीं सौभाग्यवती माहेरीं गेल्या असतां तिकडून मला पत्रें लिहीत. अक्षर टपोरें, पण ऱ्हस्वदीर्घाचा आनंद. मीं तांबड्या शाईनें चुका दुरुस्त करून तीं पत्रें उत्तराबरोबर परत पाठविलीं. अशीं तीन पत्रें गेलीं. चौथें आलें तें पोस्टकार्ड. त्यांत मोजून तीन ओळी, आणि एकहि चूक नाहीं! गोष्ट ह्या ठिकाणीं संपते, व लोक हंसतात.

त्या रात्रीं मात्र नातीनें पुढें विचारलें, "मग आजी, पांचव्या पत्रांत काय लिहिलेंस?"

"पांचवें लिहिलें नाहीं," त्या म्हणाल्या. "पुढें दादाच लिहीत असे खुशाली. राहूनच गेलें."

त्यांनीं हें रागानें म्हटलें नाहीं, दुःखानेंहि नाहीं. विड्याला लवंग टोंचली आणि माझ्या हातावर ठेवला. पण मला त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं. सौभाग्यवतींच्या हातचें अक्षर मीं शेवटचें कधीं वाचलें, हें आठवूं लागलों. वाण्याची यादी त्या तोंडीं सांगत आणि मी लिहून घेत असें. मुलांचे अर्ज मी लिहीत असें. त्यांच्या बहिणीला पत्र लिहावयाचें झालें तर सून लिही. चाळीस वर्षें आमच्या घरांत एक साक्षर बाई लेखणी हातीं धरीत नव्हती, आणि ह्याचें कारण मी एक विनोदी गोष्ट म्हणून सांगत फिरत होतों. शुद्धलेखनाचा आग्रह हा माझ्या लेखीं गुण होता. फार तर मास्तरकीची एक लकब. त्या लकबीबद्दल मला गांवानें मान दिला, शाळेनें शाबासकी दिली. अंक मला मिळाले होते.

गुणांच्या समुदायांत एखादा दोष चंद्राच्या डागासारखा बुडून जातो, असें कालिदासानें हिमालयाच्या वर्णनांत म्हटलें आहे, आणि आपण घरांतल्या थोर माणसांच्या दोषांवर हें पांघरूण नेहमीं घालतों. "स्वभाव तापट आहे, पण मन निर्मळ." "जेवायला चार पाहुणे अचानक आणतात, पण किती अगत्यशील!" "उशीर करतात, पण काय करणार, मोठ्या माणसांना कामें फार." हें सर्व खरेंहि असतें. परंतु चंद्राचा डाग शोभतो तो दुरून पाहणाराला. तापट माणसाच्या घरांत पावलें न वाजवितां चालावयाला जी शिकते, अगत्यशील माणसाच्या घरीं जी रात्रीं नऊ वाजतां पुनः कणीक मळते, तिला त्या डागाचें क्षेत्रफळ विचारावें. म्हणून दोष किरकोळ कीं मोठा, हें ज्याचा दोष त्यानें ठरवूं नये. ज्याला बाण लागला त्याला विचारून तें ठरवावें.

सकाळीं मुलें चहाला बसलीं तेव्हां मीं त्यांना सांगितलें कीं, कालचा माझा निकाल चुकला. नातवंडांपुढें असें म्हणण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. चहाचे पेले जागच्या जागीं थांबले. मग थोरल्या नातवानें सांगितलें कीं, अलीकडच्या खेळांत दुसरेहि नियम निघाले आहेत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तींत दोषाबद्दल आगाऊ कांहीं मिळत नाहीं. पण खेळणारानें आपला दोष प्रामाणिकपणें वठविला, तर सूत्रधार त्याला प्रसाद म्हणून पुढच्या एका प्रसंगीं दोन फांसे टाकून त्यांतला चांगला घेण्याची मुभा देतो. 'फेट' नांवाच्या खेळांत सूत्रधार खेळणारापुढें एक गुटी ठेवतो व म्हणतो, "तुझा दोष ह्या वेळीं तुझ्या आड येऊं दे आणि ही घे, नको असेल तर तूंच मला एक दे." ह्या दोन्हीं नियमांत शहाणपण आहे. दोष लपविण्याची गरज राहत नाहीं, आणि तो फुकटहि पडून राहत नाहीं.

नात म्हणाली, "पण ह्यांतहि बक्षीस त्यालाच. माझ्या वैद्यबाईच्या बाणाचें काय?"

तेव्हां मीं त्यांना अंबरीषाची कथा सांगितली. ती आदल्या रात्रीं माझ्या मनांतून निसटली होती. भागवतांत दुर्वासांचा कोप एकदां त्यांच्याच मागें लागला. अंबरीष राजावर ते विनाकारण रागावले, आणि सुदर्शनचक्र त्यांच्या पाठीमागें धावूं लागलें. ब्रह्मदेव झाले, शंकर झाले, स्वतः विष्णु झाले, कोणीच सोडवीना. विष्णूंनीं सांगितलें, ज्याचा अपराध केलास त्याच्याकडेच जा. वर्षानें दुर्वास परत आले, तों राजा तोंवर केवळ पाण्यावर राहून त्यांची वाट पाहत होता. चक्र थांबलें तें राजाच्या शब्दानें. दोषाचा हिशेब सूत्रधाराच्या हातीं नसून ज्यानें सोसलें त्याच्या हातीं आहे, असा त्या कथेचा अर्थ मला त्या सकाळीं प्रथम लागला.

मुलांनीं मग आपलाच एक नियम केला. किरकोळ दोषाबद्दल आगाऊ अंक कोणालाहि नाहींत. दोष केव्हां प्रगट करावयाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. अंकहि कापावयाचे नाहींत. कोणालाच इजा झाली नाहीं तर ती लकब, तिला दंडहि नाहीं आणि बक्षीसहि नाहीं. पण त्यामुळें सोबत्याला इजा पोहोंचली, तर दोष करणारानें त्याला एक कवडी द्यावी. ती कवडी खर्चून त्याला पुढें फसलेला फांसा पुनः टाकतां येईल. सुरुवातीस प्रत्येकाजवळ तीनच कवड्या. त्या संपल्या कीं सोबत्यांनीं त्याला सांभाळून घ्यावें कीं मागें ठेवून जावें, हें त्यांनीं ठरवावें. कवड्या देवघरांतल्या डब्यांतून मिळाल्या.

दुपारीं मी पुनः माडीवर जाऊन बसलों. योद्ध्याला वाचा फुटली होती. तो खात होता, बढाई मारीत होता, आणि एका अनोळखी म्हातारीशीं बोलण्यापायीं त्यानें एक कवडी गमावलीहि. नातीनें ती कवडी पुढें नदी उतरतांना खर्चली आणि तिची वैद्यबाई वांचली. गोष्ट पुनः रंगली होती. पण एक गोष्ट कालच्याहून निराळी झाली होती. कांहीं अचरटपणा करण्यापूर्वीं नातू क्षणभर थांबे, आणि बहिणीकडे पाही. अंक कापून मला जें साधलें नाहीं, तें एका कवडीनें साधलें होतें.

तेव्हां, किरकोळ दोषांनीं तोटा व्हावा कीं होऊं नये, असा प्रश्न जर कोणी मला आज विचारील, तर मी म्हणेन, तोटा नेहमींच होतो. तो कोठें जातो एवढेंच पाहावयाचें असतें. खेळांत ह्याचा हिशेब ठेवणें सोपें आहे, कारण तेथें कागद आहे, फांसे आहेत, आणि बारा वर्षांची निर्भीड मुलगी आहे. घरांत हिशेब ठेवणारें कोणी नसतें. ज्यांनीं सोसलें त्या बहुधा विडा लावून हातावर ठेवतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनीं आपापल्या प्रसिद्ध लकबींची एकदां यादी करावी, आणि ती घरांतल्या सर्वांत अबोल माणसाकडून तपासून घ्यावी.

मुलें गेलीं त्या संध्याकाळीं मीं सौभाग्यवतींना म्हटलें, "वाण्याची यादी ह्या खेपेस तुम्ही लिहा." त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. "चुका होतील," त्या म्हणाल्या. "होऊं द्या," मी म्हणालों. बराच वेळ त्या कागद पुढें घेऊन बसल्या होत्या. अक्षर अद्याप टपोरेंच आहे. यादींत सात जिन्नस होते आणि चार चुका होत्या. तांबडी लेखणी खिशांतच होती. ती तशीच राहूं दिली, आणि यादी नेऊन जशीच्या तशी दुकानदाराच्या हातीं दिली. जिन्नस सातहि बरोबर आले.